जीनोम आणि प्रथिनांचे डेटाबेस जोडताना: नाव, ओळख आणि आवृत्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार-पाच जणांचा गट आहे. हाताशी रुग्णांच्या नमुन्यांत सापडलेले जनुकीय बदल आणि आरएनए सिक्वेन्सिंगची मापे (कोणते जनुक किती सक्रिय आहे याची) आहेत. त्यांना एन्सेम्बल आणि एनसीबीआय (जीनोम व जनुके), युनिप्रॉट (प्रथिने), पीडीबी (प्रथिनांच्या त्रिमितीय रचना), जीन ऑन्टॉलॉजी (जनुकांच्या कामांची प्रमाणित शब्दावली) आणि क्लिनव्हार (जनुकीय बदल व रोग) इथली माहिती जोडायची आहे. सगळे उतरवून घेऊन एकच मोठा डेटाबेस बांधावा, की गरज पडेल तेव्हा प्रत्येक ठिकाणी जाऊन विचारावे? आणि जोडणी जनुकाच्या नावावर केली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. पहिल्यात चूक झाली तर काही महिने वाया जातात. दुसऱ्यात चूक झाली तर निष्कर्षच चुकतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) व्यवस्थित चालते, तक्ता भरलेला दिसतो, आलेखही सुबक येतो.

तर, नाही. जनुकाच्या नावावर जोडणी करू नका. अगदी तात्पुरती म्हणूनही करू नका, कारण तात्पुरती जोडणीच पुढे वर्षानुवर्षे टिकते.

आमच्या पहिल्या प्रकल्पात मी हेच केले होते. एका जुन्या संग्रहात जनुकाच्या रकान्यात एमएलएल2 होते, आमच्याकडेही समानार्थी नावांच्या यादीत एमएलएल2 होते, जोडणी झाली. कित्येक आठवड्यांनी एका डॉक्टर सहकाऱ्याने विचारले, की काबुकी सिंड्रोमच्या जनुकापुढे लहान मुलांतल्या डिस्टोनियाची (स्नायू आपोआप आखडण्याच्या विकाराची) लक्षणे कशी काय आली? झाले असे होते, की एमएलएल2 हे नाव शोधनिबंधांत दोन वेगळ्या जनुकांसाठी वापरले गेले आहे. एक आज केएमटी2डी म्हणून ओळखले जाते, ते 12 व्या गुणसूत्रावर आहे आणि त्यातल्या बिघाडाने काबुकी सिंड्रोम होतो. दुसरे केएमटी2बी, ते 19 व्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचा संबंध डिस्टोनियाशी आहे. एमएलएल4 या नावाचीही तीच गत आहे. दोन्ही नावे दोन्ही जनुकांना लावलेली सापडतात. म्हणजे जुन्या निबंधात एमएलएल2 दिसले, तर त्याचा अर्थ नुसत्या नावावरून लागूच शकत नाही. तो लावायला गुणसूत्र, सिक्वेन्सचा (अक्षरांच्या क्रमाचा) ॲक्सेशन म्हणजे संग्रहातल्या नोंदीचा क्रमांक किंवा त्या निबंधाचा मजकूर पाहावा लागतो.

एक्सेलचे प्रकरण बहुतेकांना ठाऊक असते, पण त्यातला सर्वांत त्रासदायक भाग फारसा सांगितला जात नाही. एसईपीटी2 हे नाव एक्सेलमध्ये उघडले की त्याची तारीख होते, 2 सप्टेंबर. 2016 मध्ये एका गटाने शोधनिबंधांसोबतच्या एक्सेल फाइल तपासल्या, तेव्हा जनुकांच्या याद्या असलेल्या निबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात असा बिघाड निघाला. शेवटी मानवी जनुकांची अधिकृत नावे ठरवणाऱ्या एचजीएनसी समितीने 2020 मध्ये नावेच बदलली. एसईपीटी2 चे सेप्टिन2 झाले, एमएआरसीएच1 चे एमएआरसीएचएफ1 झाले. पुढच्या फाइलींसाठी हे चांगलेच झाले. पण बिघडलेल्या जुन्या फाइली आहेत तशाच आहेत आणि त्यांतली प्रत्येक तारीख उलट फिरवता येत नाही. ‘1 मार्च’ दिसले तर ते मुळात एमएआरसीएच1 होते की एमएआरसी1, हे सांगायला काहीच मार्ग उरत नाही. दोन्ही खरी जनुके आहेत, दोन्हींची तारीख एकच होते. अशा ओळी अंदाजाने दुरुस्त करू नका. ‘ओळख पटली नाही’ असा शिक्का मारून बाजूला ठेवा आणि त्या किती आहेत ते मोजा.

मग नावाऐवजी काय? अर्थात आयडी. पण इथे दुसरा खड्डा आहे आणि त्यात अनुभवी माणसेही पडतात. टीपी53 घ्या. एचजीएनसीकडे त्याचा क्रमांक 11998, एनसीबीआयच्या जीन डेटाबेसमध्ये 7157, एन्सेम्बलमध्ये ईएनएसजी00000141510 आणि युनिप्रॉटमध्ये पी04637. चारही एका ओळीत लिहिले की वाटते, एकाच वस्तूची ही चार नावे आहेत. तसे नाही. पहिला क्रमांक नावाचा आहे, दुसरा आणि तिसरा दोन वेगळ्या गटांनी आखलेल्या जनुकाच्या प्रतिमानांचे आहेत, आणि चौथा जनुकाचा नाहीच, प्रथिनाचा आहे. टीपी53 मध्ये हा फरक लपून जातो. कॅल्मोड्युलिनमध्ये तो लपत नाही.

मानवी जीनोममध्ये सीएएलएम1, सीएएलएम2 आणि सीएएलएम3 अशी तीन जनुके आहेत. तिन्ही वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, पण त्यांच्यापासून तयार होणारे प्रथिन अक्षरशः एकच आहे, एकाही अमिनो आम्लाचा फरक नाही. युनिप्रॉटमध्ये बरीच वर्षे या तिघांची मिळून एकच नोंद होती, पी62158. नंतर ती फोडून प्रत्येक जनुकासाठी वेगळी नोंद केली गेली: पी0डीपी23, पी0डीपी24 आणि पी0डीपी25. आता तुमच्याकडे पी62158 वापरणारा जुना प्रोटिऑमिक्सचा (प्रथिनांच्या मोजमापांचा) संच आला, तर त्याला कोणत्या जनुकाशी जोडणार? प्रामाणिक उत्तर असे, की तिघांशी, आणि मोजमापावरून त्यांतले एक निवडता येत नाही.

याच्या उलट सीडीकेएन2ए. जनुक एकच, पण त्यातून दोन अशी प्रथिने निघतात ज्यांचा एकमेकांशी सिक्वेन्सच्या पातळीवर काही संबंध नाही. डीएनएचा एकच पट्टा दोन वेगळ्या वाचन-चौकटींत वाचला जातो. एकातून पी16 बनते, दुसऱ्यातून पी14 एआरएफ. युनिप्रॉटमध्ये दोघांच्या नोंदी वेगळ्या आहेत. तुमच्या तक्त्यात ‘एका जनुकाला एक प्रथिन’ असा रकाना असेल, तर या दोघांतले एक गायब होणार, आणि कोणते, हे फाइलमधल्या ओळींच्या क्रमावर ठरणार.

म्हणून माझा आग्रह असा, की आयडींची जुळवणी हा मुख्य तक्त्यातला एक रकाना असू नये. तो स्वतंत्र तक्ता असावा आणि त्यात अनेकाला अनेक असे नाते मुळातच गृहीत धरलेले असावे. प्रत्येक ओळीत दोन आयडी, त्यांच्यातले नाते कोणत्या प्रकारचे (जनुक-प्रथिन, जुना-नवा, फोडलेला, एकत्र केलेला), ही जुळवणी कुणी सांगितली आणि त्यांच्या कोणत्या आवृत्तीत सांगितली, एवढे हवेच. एन्सेम्बल आणि एनसीबीआय यांच्या जुळवण्या सगळ्या ठिकाणी एकमेकांशी पटत नाहीत. तिथे दोन्ही ओळी ठेवा. एकाहून अधिक जोड्या सापडल्या की ‘त्यातली पहिली घ्या’ अशी एक ओळ कोडमध्ये लिहिण्याचा मोह होतो. आजवर दुसऱ्यांचे जे काम मी तपासले, त्यात सर्वांत जास्त नुकसान या एका ओळीने झालेले पाहिले आहे.

आता जनुकीय बदलांकडे येऊ, कारण तुमचा मुख्य माल तोच आहे आणि ओळखीचा प्रश्न तिथे सर्वांत अवघड होतो.

जीनोमवरचा पत्ता कोणत्या संदर्भ जीनोमचा (तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाण क्रमाचा) आहे, हे सांगितल्याशिवाय त्या पत्त्याला अर्थ नसतो. सिकल सेलचा बदल, आरएस334 (बदलांच्या संग्रहातला क्रमांक), हा जीआरसीएच37 या संदर्भ जीनोमच्या आवृत्तीमध्ये 11 व्या गुणसूत्रावर 5248232 या जागी आहे, आणि डिसेंबर 2013 मध्ये आलेल्या जीआरसीएच38 मध्ये 5227002 या जागी. निदान एवढे बहुतेक जण सांभाळतात. न सांभाळलेले बारकावे वेगळेच असतात. बेड फाइलमध्ये (जीनोमवरचे पट्टे नोंदवण्याची) मोजणी शून्यापासून होते, व्हीसीएफ (बदलांची) आणि जीएफएफ (जनुकांच्या जागांची) फाइलींमध्ये एकपासून. एकाच्या फरकाने सगळे शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. ‘एचजी19’ आणि ‘जीआरसीएच37’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण यूसीएससी या जीनोम-संग्रहाच्या मूळ एचजी19 मध्ये मायटोकाँड्रियाचा सिक्वेन्स 16571 अक्षरांचा आहे आणि बाकी सगळे जो मानतात तो 16569 अक्षरांचा. मायटोकाँड्रियाचे बदल तपासत असाल तर फाइलवर ‘एचजी19’ लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नका, लांबी पाहा. मी प्रत्येक संदर्भ फाइलमधल्या प्रत्येक सिक्वेन्सची लांबी आणि चेकसम (मजकुरावरून काढलेली ठशासारखी संख्या) साठवते. नाव काहीही असले तरी चेकसम जुळला तर सिक्वेन्स तोच.

पत्ता बरोबर असला तरी तोच बदल दोन प्रकारे लिहिता येतो. सिस्टिक फायब्रोसिसमधला सर्वांत परिचित बदल पाहा, सीएफटीआर जनुकातला एफ508डेल. तिथला मूळ क्रम एटीसी टीटीटी जीजीटी असा आहे. त्यातली तीन अक्षरे गळतात आणि उरतो एटीटी जीजीटी. प्रश्न असा, की कोणती तीन गळली? सीटीटी काढा, उरते एटीटी जीजीटी. त्याऐवजी एक अक्षर डावीकडे सरकून टीसीटी काढा, तरीही उरते एटीटी जीजीटी. परिणामावरून दोन्हींत फरक करताच येत नाही, म्हणून कुठेतरी नियम लागतो. आणि नियम दोन आहेत. वैद्यकीय अहवालांत वापरल्या जाणाऱ्या एचजीव्हीएस पद्धतीत जनुकाच्या वाचनाच्या दिशेने शक्य तितके शेवटाकडे सरकायचे. म्हणून तिथे 1521 ते 1523, सीटीटी. व्हीसीएफमध्ये प्रथा जीनोमवर शक्य तितके डावीकडे सरकण्याची. सीएफटीआर पुढच्या धाग्यावर (म्हणजे जीनोमच्या क्रमाच्याच दिशेने वाचले जाणारे) असल्याने तिथे टीसीटी गळल्याचे दिसते. एकाच रुग्णातला एकच बदल दोन फाइलींत दोन अक्षरांचे गट आणि दोन जागा घेऊन येतो. मजकूर जुळवून पाहणाऱ्या क्वेरीला ते दोन वेगळे बदल वाटतात आणि जगातला कदाचित सर्वाधिक अभ्यासला गेलेला बदल तुमच्या तक्त्यात ‘अज्ञात’ ठरतो.

यावर उपाय आहे आणि तो जोडणीच्या आधीच करायचा असतो. आत येणारा प्रत्येक बदल, मग तो कुठूनही आलेला असो, एकाच संदर्भ जीनोमवर एकाच नियमाने सरळ करून घ्या आणि जोडणी फक्त त्या सरळ केलेल्या रूपावर करा. मूळ रूप शेजारच्या रकान्यात जसेच्या तसे राहू द्या. एनसीबीआयची एसपीडीआय पद्धत आणि जीए4जीएच या जनुकीय माहितीच्या आंतरराष्ट्रीय गटाचे व्हीआरएस प्रमाण या दोन्हींचा गाभा हाच आहे. आरएस क्रमांक जोडणीची मुख्य किल्ली म्हणून वापरू नका. आरएस क्रमांक जागेला दिलेला असतो, एकाच आरएस क्रमांकाखाली दोन-तीन वेगवेगळी पर्यायी अक्षरे असू शकतात, शिवाय जुने क्रमांक एकमेकांत विलीन होत राहतात.

प्रथिनाच्या पातळीवर लिहिलेले बदल तर आणखी सांभाळून घ्यावे लागतात. बीआरएएफमधला व्ही600ई आज कर्करोगाच्या अनेक पॅनेलमध्ये (जनुकीय तपासणी-संचांत) असतो. 2002 मध्ये तो पहिल्यांदा जाहीर झाला तेव्हा त्याचे नाव व्ही599ई होते. त्या वेळी वापरात असलेल्या संदर्भ सिक्वेन्समध्ये एक कोडॉन (एका अमिनो आम्लासाठीची तीन अक्षरे) कमी होता. तो दुरुस्त झाला आणि पुढचे सगळे क्रमांक एकाने वाढले. बदल तोच, पेशी त्याच, फक्त आपली मोजपट्टी बदलली. सिकल सेलचेही तसेच: जुन्या पुस्तकांत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, आजच्या पद्धतीत सातव्या जागी, कारण आता सुरुवातीचे मेथिओनिन धरून मोजतात. म्हणून प्रथिनावरचा क्रमांक साठवताना तो कोणत्या सिक्वेन्सच्या कोणत्या आवृत्तीवर मोजला आहे, हे सोबत साठवले नाही तर तो क्रमांक निरुपयोगी होतो. मानवी जनुकांपुरते सांगायचे तर एन्सेम्बल आणि एनसीबीआय यांनी मिळून ठरवलेला मेन सिलेक्ट हा ट्रान्सक्रिप्टचा (जनुकापासून बनणाऱ्या आरएनए प्रतींचा) संच इथे फार उपयोगी पडतो. त्यातल्या ट्रान्सक्रिप्टचा सिक्वेन्स दोन्हीकडे अक्षरशः सारखा असतो.

पीडीबीबद्दल एवढेच, की रचनेच्या फाइलमधले अवशेषांचे (साखळीतल्या अमिनो आम्लांचे) क्रमांक लेखकांनी दिलेले असतात. ते युनिप्रॉटच्या क्रमांकांशी जुळतीलच असे नाही, कधी मधे अक्षरे घुसवलेली असतात, कधी सुरुवात वेगळी असते. ही जुळवणी स्वतः करू नका. सिफ्ट्स या प्रकल्पात ती अवशेषागणिक करून ठेवलेली आहे, ती घ्या. आणि पुढे मागे यीस्टची माहिती आणणार असाल तर आणखी एक: युनिप्रॉटमध्ये बेकर्स यीस्टच्या प्रमाण स्ट्रेनच्या नोंदी वर्गीकरण क्रमांक 559292 खाली आहेत, तर इतर बऱ्याच ठिकाणी प्रजातीचाच क्रमांक, 4932, दिलेला असतो. प्रजातीवर गाळणी लावली की अख्खे यीस्ट नाहीसे होते आणि कुठलीही त्रुटी दाखवली जात नाही.

ओळख पटली, जागा जुळली, तरी अर्थाचा प्रश्न राहतो. जीन ऑन्टॉलॉजी 1998 मध्ये माशी, यीस्ट आणि उंदीर या तीन सजीवांच्या डेटाबेसनी मिळून सुरू केली, कारण एकाच कामाला तिघे तीन शब्द वापरत होते. शब्दांचा प्रश्न तिने फार चांगला सोडवला. पण तिची फाइल उतरवून घेताना लोक दोनच रकाने उचलतात, जनुक आणि संज्ञा. बाकीचे सोडून देतात. त्या सोडलेल्या रकान्यांत काय असते ते पाहा. चौथ्या रकान्यात काही ओळींवर ‘नॉट’ असे लिहिलेले असते. म्हणजे कुणीतरी प्रयोग करून दाखवले आहे, की हे प्रथिन हे काम करत नाही. तो रकाना टाकून दिला, की तुमच्या डेटाबेसमध्ये नेमके उलटे विधान जाऊन बसते. पुराव्याच्या रकान्यात ‘आयईए’ असेल तर ती संज्ञा संगणकाने आपोआप लावलेली आहे, ‘आयडीए’ असेल तर थेट प्रयोगातून आली आहे. आणि ‘एनडी’ असेल तर तपासणाऱ्याने शोध घेतला, पण काहीच माहिती सापडली नाही. ‘कुणी पाहिलेच नाही’ आणि ‘पाहिले, काही मिळाले नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि रिकाम्या खान्यात तो पुसला जातो.

आपोआप लावलेल्या माहितीकडे मी इतके बारकाईने का पाहते, याचे कारण 2009 मधला एक अभ्यास. त्यात एन्झाइमची 37 कुटुंबे तपासली होती. युनिप्रॉटच्या स्विस-प्रॉट या माणसांनी तपासलेल्या भागात बहुतेक कुटुंबांत कामाबद्दलच्या चुका जवळजवळ नव्हत्या. जे संग्रह मुख्यतः साधर्म्यावरून आपोआप भरले जातात, त्यांत 37 पैकी 10 कुटुंबांत किमान एका संग्रहात चुकीचे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर होते. एका नोंदीतली चूक साधर्म्याने दुसरीत जाते, दुसरीतून तिसरीत. आणि आपण जेव्हा हे संग्रह एकत्र करतो, तेव्हा या साखळीची लांबी आणखी वाढवतो.

याच कारणाने ‘पाच डेटाबेस हेच सांगतात’ हा युक्तिवाद माझ्या गटात कुणी केला तर मी पहिला प्रश्न विचारते: पाचही जणांनी तो घेतला कुठून? प्रथिनांच्या परस्परक्रियांमध्ये हे वारंवार घडते. बायोग्रिड, इंटॲक्ट, त्यांच्यावर उभे असलेले एकत्रित संग्रह, सगळीकडे तीच जोडी दिसते आणि मुळाशी गेले तर एकच शोधनिबंध, एकच प्रयोग निघतो. डेटाबेस मोजू नका, मूळ प्रयोग मोजा. त्यासाठी प्रत्येक विधानासोबत त्याचा पबमेड (शोधनिबंधांची सूची) क्रमांक शेवटपर्यंत आला पाहिजे. क्लिनव्हारमध्ये याची दुसरी बाजू दिसते. एकाच बदलाबद्दल एक प्रयोगशाळा ‘रोगकारक’ म्हणते, दुसरी ‘अनिश्चित’. इथे बहुमत काढून एकच शब्द साठवला तर तुम्ही डॉक्टरांपासून नेमकी ती माहिती लपवता जिची त्यांना गरज आहे. दोन्ही मते, तारखा आणि आधार, तिन्ही ठेवा.

आता पहिला प्रश्न: सगळे उतरवावे, की दूरून विचारावे?

हा वाद बराच जुना आहे. 1993 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या एका बैठकीच्या अहवालात काही प्रश्नांची यादी दिली होती आणि म्हटले होते, की आजच्या साधनांनी यांची उत्तरे मिळू शकत नाहीत. त्यातला एक साधारण असा: मानवी 22 व्या गुणसूत्रावरचे सर्व ज्ञात सिक्वेन्स आणि त्यांच्याशी साधर्म्य असलेले इतर सजीवांतले सिक्वेन्स द्या. आज हा प्रश्न किरकोळ वाटतो. तेव्हा जागेची माहिती एका डेटाबेसमध्ये होती, सिक्वेन्स दुसऱ्यात, दोघांच्या रचना वेगळ्या, आणि त्यांना एकत्र विचारण्याची भाषा नव्हती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने क्लाइस्ली नावाची प्रणाली बांधून असे प्रश्न सोडवून दाखवले. माहिती जिथे आहे तिथेच ठेवायची, एक क्वेरी अनेक ठिकाणी वाटून पाठवायची आणि उत्तरे एकत्र करायची. दुसरी वाट एसआरएस आणि एन्ट्रेझ या शोधप्रणालींची होती, नोंदींमध्ये दुवे घालून वाचणाऱ्याला एकीकडून दुसरीकडे नेण्याची. तिसरी वाट सगळे एका ठिकाणी उतरवून घेण्याची. इंटरमाइनसारख्या प्रणाली या तिसऱ्या वाटेच्या.

तुमच्या गटासाठी मी तिसरी वाट सुचवेन, पण तिच्या नेहमीच्या रूपात नाही. नेहमीच्या रूपात लोक आधी एक सर्वसमावेशक आराखडा आखतात, ज्यात ‘जनुक’, ‘प्रथिन’, ‘रोग’ अशा आदर्श वस्तू असतात, आणि मग प्रत्येक स्रोत त्या साच्यात कोंबतात. वर कॅल्मोड्युलिन आणि सीडीकेएन2ए पाहिल्यावर तो साचा का टिकत नाही, हे वेगळे सांगायला नको. शिवाय प्रत्येक स्रोत आपली रचना बदलत राहतो आणि दर बदलाला अख्खा आराखडा हलतो. चार-पाच जणांना ते झेपत नाही. त्याऐवजी तीन थर ठेवा. तळाशी उतरवलेल्या मूळ फाइली, न बदललेल्या, स्रोताचा आवृत्ती क्रमांक, उतरवल्याची तारीख आणि चेकसम यांसह. त्यावर प्रत्येक स्रोताचे त्याच्याच रचनेतले तक्ते, त्याच्याच शब्दांत. आणि त्यांच्यामध्ये तो ओळखीचा तक्ता, ज्याबद्दल वर इतके लिहिले. तुमचे प्रत्यक्ष प्रश्न या तिन्हींवर लिहिलेल्या व्ह्यूमध्ये (साठवलेल्या क्वेरींमध्ये) राहतील. प्रश्न बदलला तर व्ह्यू बदलेल, खालचे काही हलणार नाही. साधा पोस्टग्रेस डेटाबेस यासाठी पुरेसा आहे. आरडीएफ (दुव्यांच्या रूपात माहिती साठवण्याची पद्धत) आणि स्पार्कल (तिची क्वेरी-भाषा) मला आवडतात. युनिप्रॉटची स्पार्कल सेवा एखाद-दुसऱ्या अवघड प्रश्नासाठी जरूर वापरा. पण रोजचे काम त्यावर उभारायला त्यात मुरलेला एक तरी माणूस गटात हवा.

दूरून विचारणे मी रोजच्या विश्लेषणासाठी टाळते, आणि त्याचे कारण वेगाशी फारसे निगडित नाही. आज विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सहा महिन्यांनी वेगळे येते आणि दोन्ही वेळा कोणती आवृत्ती उत्तर देत होती हे नोंदवलेले नसते. स्रोत कसे बदलतात ते पाहा. एनसीबीआयचे जीआय क्रमांक (प्रत्येक सिक्वेन्सला दिलेले) कितीतरी वर्षे सगळ्या स्क्रिप्टमध्ये किल्ली म्हणून वापरले जात होते. 2016 मध्ये ते फाइलींत दाखवणे बंद झाले. 2015 मध्ये युनिप्रॉटने जवळजवळ सारख्याच जिवाणूंच्या जीनोममधून आलेल्या कोट्यवधी नोंदी मुख्य संग्रहातून काढल्या. निर्णय योग्यच होता, पण त्या आयडींवर उभी असलेली कामे एका रात्रीत अपुरी झाली. केईजीजी या जैवरासायनिक मार्गांच्या डेटाबेसची फाइली उतरवण्याची सोय 2011 मध्ये सशुल्क झाली. यातून परवान्याचा मुद्दाही येतो: प्रत्येक स्रोताच्या अटी आधी वाचा आणि त्या तक्त्याच्या पातळीवर नोंदवा. पुढे तुमचा डेटाबेस इतरांना खुला करायचा ठरला, तर कोणता भाग देता येतो हे तेव्हा शोधत बसणे फार कष्टाचे असते. प्रचंड आकाराची किंवा क्वचित लागणारी माहिती, उदाहरणार्थ कच्चे सिक्वेन्सिंग, तिथेच राहू द्या आणि फक्त ॲक्सेशन क्रमांक ठेवा.

अद्ययावत करण्याचा ठराविक काळ पाळा. दर तीन महिन्यांनी सगळे स्रोत एकत्र बदलले तर पुरते. एक आज आणि दुसरा पुढच्या आठवड्यात असे केले की आवृत्त्यांचे असे मिश्रण तयार होते, जे जगात कुठेच अस्तित्वात नव्हते. जीन ऑन्टॉलॉजीची फाइल युनिप्रॉटच्या कोणत्या तरी आवृत्तीला धरून बनलेली असते, त्यामुळे दोघांच्या तारखा जवळच्या असाव्यात. प्रत्येक बदलानंतर प्रत्येक जोडणीत किती ओळी जुळल्या आणि किती सुटल्या हे मागच्या वेळेशी ताडून पाहा. एकूण संख्येपेक्षा सुटलेल्या ओळी जास्त सांगतात. त्यांतल्या वीस-तीस हाताने उघडून वाचा, दर वेळी.

आणि मुख्य तक्ता बांधायच्याही आधी, पहिल्याच आठवड्यात, अवघड जनुकांची एक चाचणी-यादी करा, प्रत्येकासमोर अपेक्षित उत्तर हाताने लिहून. माझ्या यादीत सध्या साधारण साठ आहेत. तीन कॅल्मोड्युलिन, ज्यांच्यावर एका प्रथिनाची माहिती तिघांकडे जाते का हे पाहायचे. सीडीकेएन2ए, दोन्ही प्रथिने उरली का. केएमटी2डी आणि केएमटी2बी, एकमेकांची लक्षणे घेतात का. सेप्टिन2, जुन्या नावानेही सापडते का. एसएचओएक्स, जे एक्स आणि वाय दोन्ही गुणसूत्रांवर सारखेच आहे आणि त्यामुळे दोनदा मोजले जाते. मायटोकाँड्रियातली दोन-तीन. बदलांमध्ये एफ508डेल, व्हीसीएफ आणि एचजीव्हीएस अशा दोन्ही रूपांतून आत घालून, दोन्ही एकाच ओळीवर येऊन थांबतात का. व्ही599ई हे जुने नाव टाकल्यावर व्ही600ई मिळते का. ‘नॉट’ लावलेली एक ऑन्टॉलॉजीची नोंद, जी सकारात्मक यादीत दिसता कामा नये. ही चाचणी प्रत्येक अद्ययावतीनंतर आपोआप चालते आणि एकही उत्तर बदलले तर नवी आवृत्ती वापरात येत नाही. पहिल्यांदा चालवाल तेव्हा बरीच उत्तरे चुकतील; तिथून जुळवणीचा तक्ता दुरुस्त करायला घ्या.